बिब्बा, दूध आणि सासूबाईंचे गुडघे

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. माहेर-सासर दोन्ही वाशीमकडचं. फेब्रुवारीत गावी गेल्या होत्या, येताना किलोभर बिब्बे घेऊन आल्या. गुडघे दुखतात म्हणून रोज सकाळी दाभणाला बिब्बा टोचून निरांजनावर धरतात आणि त्याचं तेल कपभर दुधात टिपून पितात. आधी दोन थेंब होते, आता पाच-सहा झालेत. गुडघ्यावरही त्याच तेलाचे ठिपके देतात, आणि रात्री तिळाचं तेल चोळून गरम विटेचा शेक. गेले पंधरा दिवस त्यांच्या हातांवर, मानेवर आणि गुडघ्यांभोवती पुरळ आहे, भयंकर खाज आहे, दोन ठिकाणी पाणी भरलेले फोड आहेत. त्या म्हणतात, "वैशाखाची उष्णता आहे. मला जन्मात कधी बिब्बा उतला नाही." त्यांना बीपी आणि शुगरच्या गोळ्या चालू आहेत. आता माझ्या तीन वर्षांच्या मुलाचा खोकला जात नाही म्हणून त्यालाही दुधातून एक थेंब द्यायचा त्यांचा आग्रह आहे. मी नको म्हटलं तर नवरा म्हणतो, "आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या देतात, तू कशाला मध्ये बिब्बा घालतेस?" गोडंबीचे लाडू खाल्ले तर चालतील का? आणि दर शनिवारी दाराला लिंबू-मिरचीबरोबर बिब्बा बांधतात, त्याचंही भय वाटायला लागलंय.
— एक सून, पुणे

उत्तर:

आधी मुलाचं बोलू. त्याला एक थेंबही द्यायचा नाही. अर्धा नाही, दुधात नाही, मधात नाही, "नुसतं जिभेला लावून" तर नाहीच. यावर घरात चर्चासुद्धा करू नका. खोकला तीन आठवड्यांच्या वर गेला असेल, रात्री झोपमोड होत असेल, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा ताप येत असेल तर त्याला मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर सासूबाईंना काहीतरी द्यायचंच असेल तर कोमट पाणी आणि झोपताना अर्धा चमचा मध द्या म्हणावं. मूल वर्षाच्या पुढचं आहे, मध चालतो. आणि तो किलोभर बिब्ब्यांचा डबा आजच माळ्यावर टाका. काळाभोर, चकचकीत, गुळगुळीत, बदामासारखा आकार; तीन वर्षांच्या मुलाला याहून मोहाची वस्तू कोणती?

हे मी अनुभवाने सांगते. सातपुड्याच्या पायथ्याला माझं आजोळ. सहा-सात वर्षांची असताना मी एक बिब्बा दगडाने फोडला, आत गोडंबी असते एवढं ठाऊक होतं म्हणून. ती काही मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडेनात, ओठ भाकरीएवढे झाले. आजीने कोथिंबीर वाटून चोपडली, खोबरेल लावलं आणि आठ दिवस मला ओसरीवरून हलू दिलं नाही. पुढे आयुर्वेद शिकले, भल्लातक म्हणून तोच बिब्बा पुस्तकात भेटला, तेव्हा हात आपोआप चेहऱ्याकडे गेला होता.

आता सासूबाईंचं. हे उष्णतेचं पुरळ नाही, बिब्बा उतलाय. थेंबही बंद, ठिपकेही बंद, आजपासून. "मला कधी उतला नाही" हे त्यांचं म्हणणं खरं असेल, मी खोटं म्हणत नाही. पण बिब्ब्याचं काम तसंच चालतं. त्याच्या टरफलात जो काळा चिकट रस असतो त्यात भिलावनॉल नावाची द्रव्यं असतात. ती कातडीत शिरली की शरीर त्यांची ओळख धरतं. पहिल्यांदा, दहाव्यांदा काही होत नाही. मग एके दिवशी आपल्या प्रतिकारशक्तीच्या पेशी त्यांना शत्रू ठरवतात, आणि त्यानंतर प्रत्येक वेळी रस लागला की एक-दोन दिवसांत खाज, लाली, फोड. लगेच होत नाही, उशिरा होतं, म्हणून कशामुळे झालं ते चटकन लक्षातही येत नाही. रोज सकाळी दूध, रोज नवे ठिपके, त्यामुळे त्यांचं पुरळ सुकायला उसंतच मिळाली नाही. आणि एकदा शरीराने ही ओळख धरली की ती सहसा पुसली जात नाही. म्हणजे सासूबाईंसाठी बिब्बा हे दार आता बंद झालं. पुढच्या हिवाळ्यात "थोडासाच" म्हणून पुन्हा उघडायचं नाही.

त्यांना हे पटवायला आंब्याचा दाखला द्या. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातली झाडं. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागला की उततं, काजूच्या सालीच्या तेलाने हात भाजतो, हे त्यांनी पाहिलेलं असणार. बिब्बा या तिघांतला थोरला भाऊ. घरात लोणच्याच्या कैऱ्या आल्या असतील तर या महिन्यात चिरायला त्यांना बसवू नका. आत्ता त्यांची कातडी त्या चिकानेही खवळेल.

आज करायची कामं. ज्या दाभणाने, सांडशीने, कपाने हे चालतं ते सगळं साबणाने दोन-तीनदा धुवा, तुम्ही हातात पिशवी घालून. उशीचा अभ्रा, त्यांची नेहमीची साडी, टॉवेल वेगळं धुवा. तो रस वाळला तरी दिवसेंदिवस चावतो. फोड फोडायचे नाहीत, गरम पाणी नाही, तेल-शेक काही नाही. त्वचेच्या डॉक्टरांना उद्याच दाखवा आणि "पोटातूनही गेलाय, इतके थेंब, इतके दिवस" हे न लाजता सांगा. कित्येक घरांत हेच लपवतात आणि डॉक्टर बिचारे साबण बदला, सोडा बदला म्हणत बसतात. शुगर आहे म्हणून स्टेरॉइडची गोळी द्यायची की नुसतं मलम, हे त्यांना ठरवू द्या. आणि एक तपासणी मी मुद्दाम सांगते, लघवी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ताची चाचणी). बिब्ब्याच्या रसामुळे मूत्रपिंडाला जबर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बीपी-शुगर असलेल्या माणसाची मूत्रपिंडं आधीच ओझं वाहत असतात. लघवी कमी झाली, लाल-काळपट झाली, पायांवर किंवा चेहऱ्यावर सूज आली तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, सरळ दवाखान्यात न्या.

एवढं तातडीचं. आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. तो पत्रात तुम्ही विचारलेला नाही, पण ओळी-ओळीतून दिसतो: हे सासूबाईंना सांगायचं कसं?

त्यांना अडाणी ठरवून सांगू नका. त्या अडाणी नाहीत. बिब्बा हे काही आजीबाईचं खूळ नव्हे. चरकाने रसायनाच्या, म्हणजे शरीराला बळ देणाऱ्या औषधांच्या, अध्यायात भल्लातकाचे दहा प्रयोग सांगितलेत. तो म्हणतो, बिब्बा तीक्ष्ण आहे, पिकवतो, अग्नीसारखा आहे; पण विधीप्रमाणे वापरला तर अमृतासारखा. आयुर्वेदाचा दुसरा जुना ग्रंथकार वाग्भट, त्याने कोरड्या मूळव्याधीवर बिब्ब्याला पहिला मान दिला आणि रक्ती मूळव्याधीवर कुड्याच्या सालीला. आमवातावर, जुनाट कफावर, कृमींवर वैद्य तो पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. शेतकरी पायात काटा मोडला की बिब्बा तापवून त्या जागी चटका देत, टाचांच्या भेगांत भरत. तमिळ भागातल्या सिद्ध वैद्यकातही त्याचं तूप आहे. एवढं सगळं त्या झाडाच्या पदरी आहे, आणि सासूबाईंच्या गुडघ्यांना पहिले काही दिवस बरं वाटलं असेल तर त्याचंही मला नवल वाटणार नाही.

पण "विधीप्रमाणे" हा शब्द चरकाने उगाच घातलेला नाही, आणि नेमका तोच घरोघरी गळून पडलाय. आपल्याकडे थेंब राहिला, नियम गेले. ते नियम ऐका. निवडक, न किडलेली फळं घेऊन चार महिने यवाच्या किंवा उडदाच्या राशीत ठेवायची. वापरायची ती हिवाळ्यातच. काढा पिण्याआधी तोंडाला आतून तूप लावायचं, म्हणजे तोंड पोळणार नाही. औषध जिरलं की जेवण दूध, तूप, भाताचं. नंतरच्या वैद्यांनी तर स्पष्ट बजावून ठेवलंय की बिब्बा चालू असताना हुलगे नको, दही नको, आंबवलेलं नको, अंगाला तेल चोळायचं नाही, शेकायचं नाही, उन्हात हिंडायचं नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाई आणि पित्त प्रकृतीचा माणूस, यांना देऊच नये.

आता सासूबाईंचा दिनक्रम यावर ठेवून बघा. वैशाख महिना. वय 68. सकाळी थेंब, रात्री तेल चोळून विटेचा शेक. हुलग्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण वाशीमकडच्या घरात आठवड्यातून एकदा तरी होतच असणार! आणि देणार कोणाला, तर तीन वर्षांच्या नातवाला. म्हणजे शास्त्राने जे जे करू नका म्हटलं ते ओळीने चाललंय, आणि त्याला आपण परंपरा म्हणतोय.

म्हणून त्यांच्याशी बोलताना डॉक्टरांचं नाव पुढे करू नका. त्यांच्या सासूबाईंचं करा. विचारा, "आई, तुमच्या सासूबाई उन्हाळ्यात बिब्बा देत होत्या का हो? कोणाकोणाला देत नव्हत्या?" मी पैजेवर सांगते, त्यांना आठवेल. माझी आजी थेंब टिपण्याआधी प्रत्येकाला विचारायची, "तुमच्या घरात कोणाला उततो का?" ज्याच्या घरात उततो त्याला ती नुसतं मिरं-तूप देऊन घालवायची. संक्रांत सरली की बिब्ब्याचा डबा बंद. हे ज्ञान त्यांच्याकडे आहे, फक्त शहरात आल्यावर, विचारायला कोणी वडीलधारं न उरल्यावर, ते विस्मरणात गेलं. त्यांच्या तोंडून ते बाहेर आलं की तुम्हाला वेगळं "नको" म्हणावं लागणार नाही.

नवऱ्याला मात्र सरळ सांगा. म्हणावं, आपल्याकडे चांगल्या कामाचा विचका करण्याला बिब्बा घालणं म्हणतात, बिब्ब्याचा स्वभाव लोकांना ठाऊक होता म्हणूनच. मी घालत नाहीये, तुमच्या आईच्या दुधात पडतोय तो काढून घेतेय.

तुम्ही म्हणाल, मग औषधाच्या दुकानात भल्लातकाची औषधं मिळतात ती कशी? ती शोधलेल्या, म्हणजे शुद्ध केलेल्या, बिब्ब्याची असतात. बिब्ब्याची टोपी कापायची, विटेच्या चुऱ्यात घोळून-घासून तेल शोषून घ्यायचं, मग धुऊन दुधात किंवा नारळाच्या पाण्यात शिजवायचं. काही ठिकाणी गोमूत्रात भिजवण्याची रीत आहे. हे करणारे कामगार अंगभर कपडे घालतात, हातांना तेल लावतात, कारण धुराने आणि वाफेनेसुद्धा तोंड सुजतं. हे घरात, गॅसवर, यूट्यूब बघून करायचं काम नाही. आणि एवढं शोधूनही आपल्या औषध कायद्याच्या नियमांत भल्लातक धोत्रा, गुंज, बचनाग यांच्याच पंगतीला, विषारी द्रव्यांच्या यादीत बसवलेला आहे. पोटात घ्यायच्या अशा औषधाच्या वेष्टनावर "वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे" अशी सूचना छापावीच लागते. सासूबाईंना मात्र आता शोधलेलाही नको. कारण मी वर सांगितलंच.

प्रयोगशाळेत उंदरांवर बिब्ब्याचे सांधेसुजीवर, अगदी यकृताच्या कर्करोगावरही चांगले परिणाम दिसलेत, आणि ते वाचून व्हॉट्सअॅपवर "बिब्ब्याने कॅन्सर बरा" असे निरोप फिरतात. उंदराला शुद्ध करून मोजून दिलेलं औषध आणि निरांजनावर टिपलेला कच्चा रस यांचं नातं नावापुरतंच.

गुडघ्यांचं काय, हा प्रश्न राहतोच. दुखणं खरं आहे, ते नाकारून बिब्बा सोडा म्हटलं तर त्या पुन्हा तिकडेच वळतील. म्हणून पुरळ बसेपर्यंत गुडघे डॉक्टरांना दाखवून घ्या. मांडीच्या स्नायूंचे साधे व्यायाम (खुर्चीत बसून पाय सरळ करणं, दहा मोजणं, खाली ठेवणं) या वयात कोणत्याही तेलापेक्षा जास्त काम करतात. जमिनीवर बसणं, पाय मुडपून भाजी निवडणं कमी करा. कातडी पूर्ण बरी झाली की निर्गुंडीच्या पाल्याचा शेक घेऊ देत. त्यात त्यांना गावाकडचं काहीतरी करतोय हे समाधानही मिळेल, आणि ते कमी महत्त्वाचं नाही.

आता लाडू. गोडंबी म्हणजे बिब्ब्याच्या आतला गर. तो खातात, पौष्टिक आहे, डिंकाच्या लाडवात घालतात, बाळंतिणीला देतात. विदर्भ-मराठवाड्यात बायका बिब्बे फोडून गोडंबी काढतात, आणि त्यांचे काळे पडलेले, सालपटलेले हात ज्याने पाहिलेत तो गोडंबीच्या भावावर घासाघीस करणार नाही. अडचण गराची नाही, फोडताना त्याला लागणाऱ्या टरफलाच्या रसाची आहे. स्वच्छ, पांढरी, काळा डाग नसलेली गोडंबी असेल तर तुम्ही आणि तुमचे यजमान लाडू खा. सासूबाईंनी खाऊ नयेत. मुलालाही सध्या नको. काजू-बदामाचे दोन लाडू वेगळे वळा त्याच्यासाठी. लाडू खाल्ल्यावर कोणाच्याही ओठांना चुणचुण लागली तर उरलेले टाकून द्या, जीव हळहळला तरी.

जाता जाता एक गंमत. बिब्ब्याचा रस चुन्यात मिसळला की कापडावर काळी खूण उठते आणि ती धुतली तरी जात नाही. म्हणून परीट कपड्यांवर त्यानेच खुणा करत. त्याच्या शास्त्रीय नावातही "खुणेचं फळ" असाच अर्थ आहे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या गोऱ्या सैनिकांना गळ्याशी, कमरेशी चट्टे उठू लागले, आणि त्यांच्या डॉक्टरांना शोध लागला की ते चट्टे बरोबर परिटाच्या खुणेखालीच आहेत! न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत तर बिब्बा वेगळ्याच कारणाने येतो. खोटी फिर्याद करायला लोक बिब्बा लावून मारहाणीचे वळ उठवत. डॉक्टर ते कसे ओळखत? खऱ्या वळाला खाज नसते.

राहिला दाराचा बिब्बा. तो टांगलेला आख्खा बिब्बा काही करत नाही, फुटला किंवा दाबला गेला तरच रस बाहेर येतो. सासूबाईंची श्रद्धा आहे, ती राहू दे. फक्त खिळा उंच ठोका, मुलाने स्टूल ओढून आणलं तरी हात पोचणार नाही इतका. सुई बिब्ब्यातून ओवू नका, धाग्याची गाठ मारून अडकवा. आणि शनिवारी जुना काढून रस्त्यावर टाकतात तो टाकू नका. अनवाणी कोणीतरी त्यावरून जाईल. कागदात गुंडाळून कचऱ्यात, आणि नंतर हात साबणाने.